चार गुणांनी पुढे, तरी शून्य

आज न्यूरल नेटवर्ककडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. झालं असं, की आपल्या देवपुरातलेच एक वाचक मंगळवारी संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी सरळ पट मांडला. पांढरा राजा बी६, प्यादं ए६, उंट जी१; समोर ए८ वर एकटा काळा राजा. "सर, मोबाइलवरचं जुनं ॲप मला चार गुणांहून जास्त पुढे दाखवतंय. तासभर झाला, डाव सुटत नाही."

सुटणारच नाही. प्यादं जिथे वजीर व्हायचं ते ए८ पांढरं घर, आणि उंट काळ्या घरांचा. काळा राजा ए८, बी८, ए८ करत बसतो. घाईने उंट एच२ वर नेऊन बी८ अडवलंत, तर काळ्याला चाल उरत नाही आणि शहही नाही. स्टेलमेट.

स्टेलमेट प्रोग्रामला अवघड नाही. तो चाली मोजतो. एकही नियमात बसत नसेल तर राजाला शह आहे का बघतो. असेल तर मात, नसेल तर शून्य. पानावरच्या चार ओळी. खरी पंचाईत त्याच्या अलीकडे आहे. काळ्याला एक जरी चाल शिल्लक असली तरी डाव चालू, आणि चालू डावात प्रोग्राम अंदाजाने गुण देतो. क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या लेखात मांडलेला हिशेब वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा ३, प्यादं १ असा होता. उंट आणि प्यादं मिळून ४. वर प्यादं पुढे सरकल्याचं बक्षीस. पन्नास चालींचा नियम लागून डाव बरोबरीत संपेल, हे त्याला दिसायला दोन्ही बाजूंच्या मिळून शंभर चाली पुढे बघावं लागेल. तेवढी नजर पोचत नाही. म्हणून जुन्या प्रोग्रामांत लेखकाला हे वेगळं शिकवावं लागे: कडेचं प्यादं, चुकीच्या रंगाचा उंट, राजा कोपऱ्यात पोचलेला, तर गुण शून्याकडे ओढ. दोन घोडे विरुद्ध एकटा राजा, हेही तसंच: कागदावर सहा गुण, पण मात लादता येत नाही.

दुसरा उपाय मला फार आवडतो. टेबलबेस. यात अंदाज नाहीच. मोजक्या मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती मांडायच्या, मात झालेल्या शोधायच्या आणि तिथून उलटं चालत यायचं. जिथून मातेला नेता येतं ती जीत. जिथली प्रत्येक चाल समोरच्याच्या जितीत जाते ती हार. नव्या खुणा पडेनाशा झाल्या की थांबायचं. आता बघा, ज्या स्थितींवर खूणच पडली नाही त्या सगळ्या बरोबरीच्या! बरोबरी कुणी शोधत नाही, ती उरते. रोनाल्ड डे मान यांच्या सिझिजी टेबलबेसमध्ये पाच मोहऱ्यांपर्यंतचा, राजे धरून, सगळा हिशेब एका जीबीच्या आत मावतो. सात मोहऱ्यांचा २०१८ मध्ये पुरा झाला. त्याला सतरा टीबीच्या आसपास जागा लागते. आमच्या पटावर चारच मोहरी होती. मी लॅपटॉपवर स्थिती भरली आणि उत्तर क्षणात आलं: बरोबरी.

पाहुणे पट आवरता आवरता म्हणाले, "आमच्या आजोबांच्या डावात ही बुर्जी झाली असती." मी उठून उभाच राहिलो. देशी पद्धतीत समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे अर्धा डाव जिंकला. तिथे हा उंट फुकट गेला नसता. प्रोग्रामला हे शिकवायचं तर एकट्या राजाशी आल्यावर शून्याऐवजी अर्धी जीत परत द्यायची, बस. पण त्या एका ओळीने मागचा सगळा डाव बदलतो: हरणारा शेवटचं प्यादं जिवापाड जपणार, जिंकणारा मात सोडून त्याच्याच मागे लागणार. चार मोहऱ्यांचा असा बुर्जीचा टेबलबेस मी बुधवारपासून लिहायला घेतला आहे.