परका पेनड्राइव्ह आणि घरी कोरलेला शिक्का

पेनड्राइव्ह संगणकाला लावला की त्यातील फाइली लगेच पडद्यावर दिसू लागतात. त्याआधी संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ‘माउंट’ नावाचा एक विधी होऊन गेलेला असतो. बाहेरून आलेली फाइलींची सारी मांडणी घरच्या मांडणीत एका जागी जोडून घेतली जाते. युनिक्समध्ये आणि त्याच वळणाच्या लिनक्समध्ये हा अधिकार मूळचा ‘रूट’चा, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याचा. तो साध्या वापरकर्त्याला दिला तर काय बिघडेल?

बिघडते ते एका खुणेमुळे. डेनिस रिची यांनी काढलेली ‘सेटयूआयडी’ ही खूण ज्या प्रोग्रामवर असते, तो कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो. आपला पासवर्ड आपल्याला बदलता येतो तो याच युक्तीने, आणि युक्ती मोठी नामी आहे. पण घरच्या संगणकावर मीच कारभारी. तिथे मी एखादा प्रोग्राम रूटच्या नावावर चढवला, त्यावर ती खूण उमटवली आणि पेनड्राइव्ह दहाजणांच्या सामाईक यंत्राला जोडला, तर? मामलेदाराचा शिक्का घरी कोरावा आणि कचेरीने तो खरा मानावा, तसा हा प्रकार! म्हणून अशा जोडणीला ‘नोसुइड’ ही अट घालतात. शिक्का दिसतो, पण चालत नाही.

२०१३ साली लिनक्सच्या ३.८ या आवृत्तीने एक धाडस केले. साध्या वापरकर्त्याला स्वतःपुरते एक छोटे जग उभारून त्यात ‘रूट’ होण्याची मुभा मिळाली, आणि त्या जगात काही निवडक प्रकारच्या फाइलव्यवस्था जोडण्याचीही. त्या जगातला शिक्का बाहेर चालू नये, हे पाहणे कर्नेलचे काम. मात्र ‘एक्स्ट४’सारखी तबकडीवरची व्यवस्था या मुभेत आजही नाही. कारण अधिकाराचे नव्हे, विश्वासाचे आहे: तबकडीवरची आकडेमोड मुद्दाम वाकडी लिहिलेली असेल, तर ती वाचणारा कर्नेलच फसू शकतो. माझ्या मते खरी अवघड गाठ हीच.

सोप्या वाटणाऱ्या जागीही चूक होते. ‘ओव्हरलेएफएस’ एका मांडणीवर दुसरी पसरते आणि खालच्या फाइलीत बदल करायचा झाला की तिची नक्कल वरच्या थरात उतरवते. २०२१ साली ५.११ या आवृत्तीत तिचीही मुभा साध्या वापरकर्त्यांना मिळाली. २०२३ साली उघड झाले की, वापरकर्त्याने स्वतः रचलेल्या खालच्या थरातली रूटच्या नावाची फाइल खुणेसकट वर उतरते, आणि वरचा थर असतो बाहेरच्या खऱ्या जगातला! तिथे शिक्का चालला आणि साधा वापरकर्ता कारभारी झाला. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: नक्कल उतरवण्यापूर्वी, या मालकाला त्या छोट्या जगात ओळख आहे का, एवढे विचारायचे.

उबुंटूने २०२४ साली ही छोटी जगे उभारण्यावर बंधने घातली. पण ब्राउझरही आपले संरक्षण याच सोयीवर उभारतात, त्यामुळे त्यांना त्यातून वाट काढून द्यावी लागली.