नोकरी नसली तरी अपघाताचं कवच

"कामधंदाच नाही, मग अपघातानंतर सरकारकडून काय मिळणार?" असं म्हणून अनेक जण चौकशीच करत नाहीत. पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला नोकरीची अट नाही. वय 18 ते 70, बँकेत किंवा पोस्टात खातं, एक संमतीचा फॉर्म आणि वर्षाला 20 रुपये, एवढं पुरतं. अपघातात एक डोळा, हात किंवा पाय कायमचा गेला तर 1 लाख. दोन्ही गेले किंवा मृत्यू झाला तर 2 लाख रुपये मिळतात. हाड मोडून पुन्हा जुळलं, तर मात्र नाही. कवच 1 जून ते 31 मे असतं. म्हणून मेअखेरीस खात्यात पैसे ठेवा, 20 रुपये कापल्याची नोंद पासबुकात पाहा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.