भारतातून ऑस्ट्रेलियात कुटुंबासह स्थलांतर

भारतातून ऑस्ट्रेलियात कुटुंबासह स्थलांतर म्हणजे कौशल्याधारित कायमस्वरूपी व्हिसा मिळालेल्या व्यक्तीने जोडीदार, मुले, वृद्ध आई-वडील आणि पाळीव प्राणी यांच्यासह त्या देशात वास्तव्यास जाण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात हा एकच निर्णय असला, तरी घरातील प्रत्येकाला लागू होणारे नियम वेगळे आहेत व त्यांना लागणारा काळही वेगळा आहे. मुलांची तयारी काही महिन्यांत होते, कुत्र्या-मांजरांना सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो, तर आई-वडिलांच्या कायमस्वरूपी व्हिसाची प्रतीक्षा वर्षांत मोजावी लागते. त्यामुळे प्रस्थानाची तारीख आधी ठरवून बाकीची कामे तिच्यात बसवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

कुटुंबाची कायदेशीर व्याप्ती

भारतीय घरात आई-वडील हे कुटुंबाचे स्वाभाविक घटक असतात. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर कायद्यात तसे नाही. १९ नोव्हेंबर २०१६ पूर्वी अवलंबून असलेल्या वृद्ध नातेवाइकांचा समावेश कौशल्याधारित व्हिसाच्या अर्जात करता येत असे. त्या दिवसापासून लागू झालेल्या सुधारित व्याख्येनुसार अर्जदाराच्या कुटुंबात केवळ जोडीदार आणि मुले मोजली जातात. मुलांनाही वयाची अट आहे. १८ वर्षांखालील मूल सरळ समाविष्ट होते, १८ ते २३ या वयात ते पालकांवर अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागते आणि २३ वर्षे पूर्ण झाल्यावर अपंगत्वामुळे स्वावलंबी होऊ न शकणाऱ्या अपत्याचाच विचार होतो.

वृद्ध आई-वडील

आई-वडिलांसाठी स्वतंत्र कायमस्वरूपी व्हिसा आहे, परंतु त्यासाठी 'कुटुंबाचा समतोल' ही अट पूर्ण करावी लागते. अर्जदार दांपत्याची किमान निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात कायमची राहत असावीत, अथवा अन्य कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक असावीत, असे ही अट सांगते. दोन मुलांपैकी एक मेलबर्नला आणि एक पुण्यात असेल तर ती पूर्ण होते. तीनपैकी दोघे पुण्यात असतील तर होत नाही, मग पुण्यातील मुलांकडे आई-वडिलांना ठेवण्याची सोय असो वा नसो.

अट पूर्ण झाली तरी वर्षाला दिल्या जाणाऱ्या व्हिसांची संख्या मर्यादित असते. साध्या प्रकारात (उपवर्ग १०३) प्रतीक्षा तीस वर्षांच्या घरात गेली आहे. सत्तरीच्या अर्जदाराच्या दृष्टीने तो मार्ग नावापुरताच उरतो. अधिक शुल्काच्या प्रकारात (उपवर्ग १४३) प्रत्येकी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागते, आणि त्यातही रांग दहा वर्षांहून लांब आहे.

२०१९ मध्ये तात्पुरता पालक व्हिसा (उपवर्ग ८७०) सुरू झाला. तो ३ किंवा ५ वर्षांसाठी मिळतो, एकूण वास्तव्य १० वर्षांपर्यंत होऊ शकते, मात्र त्यावर नोकरी करता येत नाही आणि तो कायमस्वरूपी वास्तव्याकडे नेत नाही. प्रायोजक मूल ऑस्ट्रेलियाचे नागरिक नसून केवळ कायमस्वरूपी रहिवासी असेल, तर त्याने तेथे किमान ४ वर्षे वास्तव्य केलेले असावे लागते. म्हणजेच नव्याने गेलेल्या कुटुंबाला पहिली चार वर्षे हा मार्ग उपलब्ध नसतो. या काळात आई-वडील अभ्यागत व्हिसावर (उपवर्ग ६००) ये-जा करतात. त्यांना मेडिकेअर या सार्वजनिक आरोग्य योजनेचा लाभ मिळत नसल्याने खासगी विमा घ्यावा लागतो, आणि आधीपासून असलेल्या आजारांना असा विमा अनेकदा लागू होत नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे वैयक्तिक वापरासाठी तीन महिने पुरतील इतकीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, सोबत नेता येतात.

या कारणांमुळे अनेक कुटुंबांच्या बाबतीत नियोजनाचा खरा प्रश्न आई-वडिलांना नेण्याचा नसून त्यांच्या मागे राहण्याची व्यवस्था लावण्याचा असतो. रुग्णालयात दाखल करताना सोबत कोण असेल, बँकेचे व घराचे व्यवहार कोण पाहील, हे प्रस्थानापूर्वी ठरवावे लागते. त्यासाठी विशिष्ट कामांपुरते मुखत्यारपत्र करता येते. परदेशी स्थायिक होणाऱ्या मुलाचे भारतातील बचत खाते परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी खात्यात बदलावे लागते. आई-वडिलांच्या खर्चासाठी तेच खाते वापरले जात असेल, तर हा बदल आधीच करणे सोयीचे ठरते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ हा देशाबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. अंतरामुळे निर्वाहाची जबाबदारी संपत नाही.

मुले

ऑस्ट्रेलियातील शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभी सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळा पारंपरिकरीत्या जूनमध्ये सुरू होत आल्या आहेत. वार्षिक परीक्षा आटोपून मे महिन्यात निघालेले मूल तेथे वर्षाच्या मध्यावर वर्गात दाखल होते. लहान इयत्तांत याने विशेष बिघडत नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र विषयांची निवड आणि पुढील परीक्षा यांचा विचार आधी करावा लागतो. पहिल्या वर्गातील प्रवेशाचे वय प्रत्येक राज्यात वेगळे आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ३१ जुलैपर्यंत, तर व्हिक्टोरियात ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षे पूर्ण होणारे मूल त्या वर्षी शाळेत जाऊ शकते.

लसीकरणाचे मूळ कार्ड जपून न्यावे लागते, कारण त्यावरून तेथील राष्ट्रीय नोंदवहीत नोंद केली जाते आणि बालसंगोपनाचे सरकारी अनुदान त्या नोंदीवर अवलंबून असते. व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत ११ वर्षांवरील सर्वांचे छातीचे क्ष-किरण चित्र घेतले जाते. भारतातून जाणाऱ्या २ ते १० वर्षांच्या मुलांची क्षयरोगाची वेगळी चाचणी होते. अनेक कायमस्वरूपी व्हिसांमध्ये कुटुंबातील एक सदस्य आरोग्याच्या निकषात बसला नाही, तर सर्वांचाच अर्ज नाकारला जाऊ शकतो. अपंग किंवा दीर्घ आजारी मूल असलेल्या कुटुंबाला या नियमाची झळ सर्वाधिक बसते.

नावांतील तफावत हा मराठी कुटुंबांना विशेष भेडसावणारा मुद्दा आहे. विवाहानंतर बदललेले नाव, मधले नाव म्हणून कधी वडिलांचे तर कधी पतीचे नाव, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव, यांमुळे एकाच व्यक्तीची दोन-तीन नावे कागदोपत्री दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेली नावबदलाची सूचना आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र येथे उपयोगी पडते.

पाळीव प्राणी

ऑस्ट्रेलिया स्वतःला रेबीजमुक्त राखतो, आणि भारत त्याच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नाही. त्यामुळे कुत्रा किंवा मांजर भारतातून थेट नेता येत नाही. प्राण्याला आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात न्यावे लागते आणि तेथील अटी पूर्ण करून पुढे पाठवावे लागते. प्रथम मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस आणि त्यानंतर रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, हा क्रम चुकला तर सुरुवातीपासून सर्व पुन्हा करावे लागते. चाचणीचे प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते, आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून १८० दिवस जाऊ द्यावे लागतात. आगमनानंतर मेलबर्नजवळील मिकलहॅम येथे किमान १० दिवसांचे विलगीकरण असते. पिटबुल टेरियरसह काही जातींच्या कुत्र्यांना प्रवेशच नाही. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना विमानप्रवासात श्वसनाचा धोका असल्याने अनेक विमान कंपन्या त्यांना स्वीकारत नाहीत.

कायमस्वरूपी व्हिसावर प्रथम प्रवेशाची अंतिम तारीख दिलेली असते. ती बहुधा वैद्यकीय तपासणी किंवा पोलीस प्रमाणपत्रापासून एका वर्षाच्या आत येते. म्हणून व्हिसा हाती आल्यावर प्राण्याची तयारी सुरू केल्यास ती मुदत गाठणे कठीण होते. काही कुटुंबे आधी थोड्या दिवसांसाठी जाऊन प्रथम प्रवेशाची अट पूर्ण करतात आणि मग परत येऊन प्राण्याची व्यवस्था पाहतात. खर्च आणि प्राण्याचे वय पाहून त्याला नातेवाइकांकडे ठेवणारेही पुष्कळ आहेत. पाळीव पक्षी केवळ न्यूझीलंडमधून नेता येतात. भारतीय पोपटाचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो भारतातही घरी पाळणे बेकायदेशीर आहे.