आवाजाच्या मागावर (९): उन्हाळ्यातलं हमिंग

सबवूफरच्या केबलबद्दल या आठवड्यात लिहीन म्हटलं होतं, ते पुढे ढकलतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटहून एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्यातल्या प्रश्नाला थांबायला वेळ नाही.

ते लिहितात : होम थिएटरमध्ये गुढीपाडव्याच्या सुमारास ‘घूं’ सुरू होतं आणि मृगाचा चांगला पाऊस झाला की आपोआप जातं. मेकॅनिकने कॅपॅसिटर बदलला, केबल बदलल्या, फरक नाही. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकली आणि आवाज एकदम बंद झाला. आता असंच राहू द्यावं का?

नाही. आजच पिन परत बसवा. का, ते सांगायला हा अख्खा भाग खर्च करतोय.

हे वाचक भजनी मंडळात पेटी वाजवतात. हमिंगचा सूर पांढरी पाचच्या जवळ बसतो, पण जरा चढा, असं त्यांनी नोंदवलंय. निदानाचं निम्मं काम इथेच झालं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. तिच्या पटी १००, १५०, २००. पेटी ४४० ला लावलेली असेल तर मध्य सप्तकातल्या पांढरी एकच्या खालची पांढरी पाच १९६ हर्ट्‌झला बोलते. ती दाबून धरली तर हमिंगमधल्या २०० शी तिचे सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात. म्हणजे हा आवाज विजेच्या तारेतूनच आलेला आहे. (न्यू जर्सीतल्या मराठी घरात वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिथलं हमिंग काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी सापडेल.)

पुढची परीक्षा व्हॉल्यूमच्या बटणाची. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज तितकाच राहिला तर दोष अँप्लिफायरच्या पोटात, बहुधा पॉवर सप्लायच्या कॅपॅसिटरमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाला तर तो बाहेरून येतोय. पत्रात दुसरा प्रकार आहे. शिवाय कॅपॅसिटरला ऋतू कळत नाहीत. पाडव्याला येऊन मृगात जाणारा दोष जमिनीतच शोधायला हवा.

ग्राउंड लूप नियमित वाचकांना ठाऊक आहे. इथे तो असा बनतो : अँप्लिफायरला एक अर्थिंग मिळतं भिंतीतल्या सॉकेटमधून. दुसरं येतं केबल टीव्हीच्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून, किंवा गच्चीतल्या लोखंडी अँगलवर बसवलेल्या डिशकडून. दोन्ही ठिकाणच्या जमिनीत एखाद्या व्होल्टचा फरक असला तरी ऑडिओ केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरा : १ मिलिव्होल्ट झाला. जिथे गाणंच काहीशे मिलिव्होल्टचं, तिथे शांत प्रसंगात हा एक मिलिव्होल्ट स्पष्ट ऐकू येतो.

मग उन्हाळाच का? एक तर जमीन सुकते. बुलढाणा जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टवर बसलाय. लोणारचं विवर याच खडकातलं. वर मातीचा थर पातळ असेल आणि तो वाळला, की अर्थिंगचा रोध कैक पटींनी चढतो. दुसरं म्हणजे याच दिवसांत घरोघरी कूलर लागतात. पाण्यात बसलेली पंपाची मोटर जुनी झाली की थोडा प्रवाह अर्थिंगच्या वायरीत गळतो. गळती २० मिलिअँपिअर आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५० ओहम असेल, तर घरातल्या प्रत्येक जाड पिनेवर १ व्होल्ट उभा राहतो. वाचकांनी कूलर बंद करून पाहावं. माझा अंदाज आहे की हमिंग पडेल.

म्हणून पिन काढणं धोक्याचं. हमिंग तुम्हाला सांगत होतं की अर्थिंग कच्चं आहे आणि कुठेतरी गळती आहे. पिन काढली, सांगणारा गप्प बसला, गळती तशीच राहिली. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. अर्थिंगऐवजी न्यूट्रललाच वायर जोडण्याची युक्ती तर त्याहून वाईट : न्यूट्रल तुटला की सगळ्या उपकरणांच्या धातूच्या अंगावर फेज येतो.

खरा उपाय सिग्नलच्या वाटेवर करायचा. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची वायर काढून पाहा. हमिंग गेलं, तर केबल टीव्हीसाठी वायरीच्या मध्ये आयसोलेटर बसतो. डिशच्या वायरीत तो चालत नाही, कारण डिशवरच्या एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि आयसोलेटर ते अडवतो. तिथे टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल घ्या आणि दोघांमधली तांब्याची प्रत्येक वायर काढा. प्रकाशातून आवाज जातो, प्रवाह जात नाही.

आणि खड्ड्याकडे बघा. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे जीआय पाइप किमान २.५ मीटर लांब हवा. खडक लागला तर तो तिरपा पुरण्याची मुभा आहे. भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळ्यात तिथे नेमाने पाणी घाला. घरात गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर होम थिएटरवर आणखी एक रुपया खर्च करण्याआधी ते बसवून घ्या.

इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरचं रीडिंग घ्याल ते मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात कुठलाही खड्डा चांगलाच दिसतो. मे महिन्यातला आकडा मला कळवा. वेगवेगळ्या गावांचे आकडे आले तर एक भाग त्यांच्यावरच लिहीन. सबवूफरची केबल पुढच्या आठवड्यात.