काळ्या रेघांतली चव

चित्राला चव असते का? आब्राम बॉस या फ्रेंच कलाकाराची ‘पंचेंद्रिये’ ही मालिका पाहताना मला हा प्रश्न पडला. १६३८च्या सुमाराची ही एचिंग्ज. तांब्याच्या पत्र्यावर वार्निश चढवायचं, सुईनं रेघा ओढायच्या. उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं, मग खाचांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा. आधीचे कलाकार सहसा इंद्रियांना रूपकातल्या स्त्रिया म्हणून दाखवत. बॉसनं मात्र घरातली माणसं घेतली. ‘चव’मध्ये जोडपं जेवायला बसलंय, ताटात आर्टिचोक. ‘श्रवण’मध्ये मंडळी टेबलाभोवती गातायत. ना आवाज, ना वास. नुसत्या काळ्या रेघा! मी आर्टिचोक कधी खाल्लेलं नाही, तरी तोंडाला पाणी सुटलं. बॉसनं रेघा दिल्या. चव मात्र मलाच घालावी लागली.