सुईपासून प्रेसपर्यंत

सकाळी ९. एचिंगसाठी जस्ताच्या पत्र्याच्या कडा कानशीने तिरक्या करून घेते. धार राहिली तर प्रेसच्या दाबाखाली कागद फाटतो. मग खडूच्या पुडीने पत्रा घासून धुवायचा. पाणी थेंब न धरता सारखं पसरलं, की तेलकटपणा गेला.

१०. मेण, राळ आणि डांबराचं ग्राउंड गरम पत्र्यावर रोलरने पातळ लावते. निवलं की सुई हातात. धातू कोरायचा नसतो. थर सारून जस्त उघडं पाडलं की पुरे. सध्या दादरमधलं एक छत्रीवाल्याचं दुकान करते आहे. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून पाटीवरचं 'छत्री' प्लेटवर उलट्या बाजूने लिहायचं. त्यातली दीर्घ वेलांटी तेवढ्यापुरती ऱ्हस्व दिसते.

१२. दहा भाग पाण्यात एक भाग नायट्रिक ॲसिड. आधी पाणी, मग ॲसिड. उलट कधीच नाही. हातमोजे, चष्मा, पंखा चालू. रेषांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने सारते. नाहीतर रेष तुटक खाल्ली जाते. ५ मिनिटांनी प्लेट बाहेर काढून विजेच्या तारा वार्निशने झाकल्या. आणखी १० मिनिटांनी भिंती. उरल्या पाटी आणि छत्र्या. त्यांना अजून १५ मिनिटं. सुईचा जोर सगळीकडे सारखाच होता. फिकं-गडद ठरतं ते घड्याळावर. या वेळात फोन घ्यायचा नाही.

१. जेवण.

२. ॲक्वाटिंट. ग्राउंड टर्पेंटाइनने पुसून दुकानाच्या आतल्या अंधारासाठी राळेची पूड प्लेटवर बसवते, खालून शेक देऊन चिकटवते, बाकीचं वार्निशने झाकते. ॲसिड कणांच्या मधल्या फटींत खातं आणि सलग छटा मिळते. गोयाच्या १७९९च्या 'लॉस काप्रिचोस'मधल्या ८० चित्रांतला काळोख याच तंत्राचा.

४.३०. प्लेट साफ करून शाई खाचांत चोळून भरायची, जाळीदार कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याचा. सुती कागद दुपारीच भिजवून ठेवलाय. ओलसर कागदच खाचेत शिरून शाई उचलतो. वर फेल्ट, आणि प्रेसचं चाक.

५.३०. पहिला प्रूफ. पाटी सुलट वाचता येते, अंधार जमलाय, छत्र्या मात्र करड्याच. चालेल. कमी खाल्लेली रेष पुन्हा ॲसिडात घालून वाढवता येते. जास्त खाल्लेली घासून बुजवण्यात दिवस जातो. म्हणून पहिल्या दिवशी प्लेट थोडी आधीच बाहेर काढावी.

६. शाई वाळायच्या आत प्लेट धुते आणि प्रूफच्या समासात पेन्सिलीने लिहिते: छत्र्या, अजून ८ मिनिटं.