कापसाच्या धाग्याची प्रत पेशीत घडते

कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी होय. फूल उमलण्याच्या सुमारास बीजांडाच्या बाह्यत्वचेतील सुमारे एक चतुर्थांश पेशी धाग्याचे रूप घेऊ लागतात. अमेरिकन कापसात अशी पेशी अडीच ते तीन सेंटिमीटर लांब होते; तिची जाडी मात्र मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकीच राहते. हे घडवून आणतात ती पेशीच्या सांगाड्यातील प्रथिने.

यांपैकी अ‍ॅक्टिनचे तंतू पेशीच्या लांबीच्या दिशेने जुड्यांसारखे पसरतात आणि भित्तिकेसाठी लागणारे साहित्य वाहून नेतात. अ‍ॅक्टिनचे एक जनुक दाबले असता धागा आखूड राहतो, असे प्रयोगांत आढळले आहे. ट्युब्युलिनच्या सूक्ष्मनलिका पेशीपटलाच्या आतल्या बाजूस आडव्या मांडल्या जातात. त्यांच्या अनुरोधाने सेल्युलोजही आडवे विणले जाते. पिंपाला कड्या आवळाव्यात, तशी ही रचना असते. त्यामुळे पेशी रुंदीत फुगत नाही, लांबीतच वाढते.

फूल उमलल्यानंतर साधारण १६ ते २० दिवसांनी या सूक्ष्मनलिकांची दिशा पालटते. त्या तिरप्या, मळसूत्री होतात आणि सेल्युलोजचे जाड थर त्याच दिशेने बसू लागतात. हे काम ४० ते ४५ दिवसांपर्यंत चालते. पक्व धाग्यात ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. धाग्याची परिपक्वता व मायक्रोनेअर या थरांवर अवलंबून असतात.

म्हणून पाण्याचा ताण कोणत्या टप्प्यात पडतो, हे महत्त्वाचे ठरते. पहिल्या तीन आठवड्यांतील तीव्र ताणाने धागा आखूड राहतो. नंतरच्या ताणाने तो पातळ व अपरिपक्व राहतो. एकदा हुकलेली लांबी पुढील पाण्याने भरून निघत नाही. थंड रात्रींतही सेल्युलोज मंदावते. उशिराच्या बोंडांची प्रत घसरण्याचे हे एक कारण आहे.

अमेरिकन कापसाचे फूल पहिल्या दिवशी पांढरट व दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसते. काही पांढऱ्या फुलांना तारखेच्या चिठ्ठ्या बांधल्यास बोंडाचे वय अचूक कळते. एकाच झाडावर निरनिराळ्या वयाची बोंडे असतात. म्हणून संरक्षित पाणी एकदाच देणे शक्य असेल, तर बहुसंख्य बोंडे कोणत्या टप्प्यात आहेत ते पाहून द्यावे. उशिराच्या बोंडांची वेचणी व साठवण वेगळी ठेवावी, म्हणजे आधीच्या चांगल्या कापसाची प्रत टिकते.